मदत हवी आहे: जादूच्या चित्रपटातली चूक कशी ओळखायची?

सहकुटुंब पाहायच्या जादूच्या चित्रपटांतल्या सलगतेच्या चुका (एकाच प्रसंगाच्या दोन शॉटमध्ये न जुळणाऱ्या गोष्टी) मी मनापासून टिपते आहे. काही चटकन दिसतात. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ (१९३९) मध्ये डोरोथी बुजगावण्याला भेटते, तेव्हा तिच्या केसांची लांबी शॉटगणिक बदलते. पण जिथे वस्तू जादूनेच हलतात, तिथे अर्धी जळालेली मेणबत्ती पुढच्या शॉटमध्ये अख्खी दिसली तर ती चूक धरायची का? मला तरी वाटतं, पात्रांनी दखल घेतली नाही तर धरावी.

खरा घोळ चित्रीकरणात आवाज टिपणारा माइक चुकून दिसतो, त्याचा आहे. टीव्हीवर तो वरून डोकावतो, पण थिएटरमध्ये फ्रेमचा तो भाग कधी कधी झाकलेला असतो. मग मूळ फ्रेम कशी पडताळायची? जाणकारांनी कृपया सांगा.