थडग्यातल्या चटई-टोपलीवरची नक्षी मेलेल्या माणसासाठी होती, की विणताना आपोआप आली?

चौकस नगरकर
विषय स्पेनचा आहे, ग्रानादा प्रांतातल्या अल्बुन्योलजवळची वटवाघळांची गुहा. १८५७ साली खाणवाले तिथे शिसं शोधत होते, आत माणसांची प्रेतं सापडली, सोबत गवताच्या टोपल्या, चपला आणि सोन्याचा एक पट्टा. सापडलेलं बरंचसं इकडेतिकडे पांगलं. पुढे गोंगोरा नावाच्या अभ्यासकाने उरलंसुरलं गोळा करून १८६८ मध्ये छापलं म्हणून ते वाचलं. २०२३ साली त्यातल्या ७६ वस्तू परत तपासल्या गेल्या, त्यात काही टोपल्या जवळजवळ ९५०० वर्षं जुन्या निघाल्या, म्हणजे तिथे शेती यायच्याही आधी शिकार करून जगणाऱ्यांच्या. सगळं एस्पार्तो नावाच्या चिवट गवताचं.
आता माझा मुद्दा. त्या टोपल्यांवर भौमितिक नक्षी आहे म्हटल्यावर लगेच लोक सुरू होतात, आत्म्याचा प्रवास, पवित्र चिन्ह वगैरे. अरे बाबांनो, पट्टी दोनावरून दोनाखालून घातली आणि दर ओळीला एक घर सरकवली की तिरपी रेघ येतेच, तिला विणणाऱ्याने बोलवायची गरज नसते. निम्मी "नक्षी" ही विणीची हिशेबवही आहे, धर्म नाही. पटत नसेल तर सांगा.

रानजाई
नाही पटत. तिरपी रेघ फुकट येते हे मान्य, पण चौकट (पत्त्यांतल्यासारखी) फुकट येत नाही. रेघ डावीकडून उजवीकडे चालली असताना मध्येच उलटी फिरवायची तर घरं मोजावी लागतात, आणि दोन्हीकडून तेवढ्याच अंतरावर फिरवली तरच चौकट जुळते, नाहीतर नुसती वाकडीतिकडी वीण. आणि अल्बुन्योलच्या त्या जुन्या टोपल्या तू म्हणतोस तशा पट्टीवर पट्टी घालून विणलेल्याच नाहीत. त्यात उभ्या काड्या आणि त्यांच्याभोवती दोन आडव्या दोऱ्या एकमेकींना पीळ देत नेलेल्या. आता यात एक दोरी रंगवलेली घेतलीस तर प्रत्येक काडीपाशी ठरवावं लागतं, अर्धा पीळ दिला तर रंग बदलतो, पूर्ण दिला तर तोच रंग पुढे राहतो. म्हणजे दर काडीला एक निर्णय. याला आपोआप म्हणणार?

ठोंब्या
नगरकरला +१. सुंदर दिसावं म्हणून केलं, एवढं पुरे की. आजही कुणी सूप रंगवतं ते काय स्मशानासाठी?

देवबागची
कोकणातून लिहितेय. आमच्याकडे पावसाआधी माडाच्या झावळ्यांचे झाप विणायचे, बायका गप्पा मारत विणायच्या, हात आपले चालूच. त्यात तिरपी वीण येते पण तिला नक्षी म्हणताना मी तरी कुणाला ऐकलं नाही. पण एक सांगते, झापाला कुणी रंग लावत बसत नाही, कारण त्याचं नशीब छपरावर कुजायचं. मेहनत कुठे घातली ते बघा, कशासाठी ते थोडं तरी कळेल.

शंकेखोर
@देवबागची, बरोबर, आणि त्या गुहेतच एक पुरावा आहे ज्याबद्दल नगरकर गप्प आहेत. चपला! त्या टोपल्यांपेक्षा अलीकडच्या, ६२०० वर्षांच्या आसपासच्या, आणि त्यातल्या काही वापरून झिजलेल्या तर काही अजिबात घातलेल्या वाटत नाहीत. म्हणून अभ्यासकांनी म्हटलंय की काही जणांसाठी दफनाचे कपडे खास बनवले असावेत. न घातलेली चपल मेलेल्याच्या पायात, तर मग चांगली टोपली पण त्याच्यासाठी का असू नये?

चौकस नगरकर
चपलेवरून टोपलीवर उडी मारू नका, मध्ये तीन हजार वर्षं आहेत आणि वेगळे लोक आहेत. आणि दुसरं, खाणवाल्यांनी सगळं उचकटलं, कुठली टोपली कुणाच्या उशाशी होती आणि कुठली नुसतीच गुहेत पडलेली, हे आता कुणाच्या बापाला सांगता येणार नाही. ९५०० वर्षांपूर्वीची टोपली दफनाची होती हेच आधी सिद्ध करा, मग नक्षीचा अर्थ काढू.

रानजाई
ठीक, मग जिथे जागेवर सापडलंय तिथे चल. अमेरिकेत नेवाडात फॅलनजवळ स्पिरिट केव्ह. १९४० साली व्हीलर नवराबायकोने खणलं, पुरुषाचं शरीर, काही भाग सुकून टिकलेला, पायात चामडी पादत्राणं, अंगावर सशाच्या कातड्याच्या पट्ट्यांचं पांघरूण, आणि त्यावर टुली नावाच्या पाणगवताच्या चटया (आपल्या लव्हाळ्याच्याच कुळातलं गवत). डोक्याखांद्यांभोवती एक शिवून टाकलेली, खालच्या अंगाला दुसरी. तेव्हा वाटलं दीडदोन हजार वर्षांचं असेल, नव्वदच्या दशकात कार्बनने मोजलं तर दहा हजारांच्या वर गेलं. चटईची वीण बघ, गवताच्या चपट्या पट्ट्या शेजारीशेजारी आणि त्यांना ओवत जाणारी बारीक दोरी, इतकी घट्ट आणि सरळ की काहीतरी ताणून धरणारी चौकट असणार असं मला वाटतं. रंगबिंग राहू दे बाजूला, डोक्यावरून शिवून घेतलेली चटई ही घरातली बैठक उचलून आणलेली असू शकते का?

ठोंब्या
असू शकते. त्याची स्वतःची रोजची झोपायची असेल, मेल्यावर त्यातच गुंडाळला. शिवण नंतरची, वीण आधीची.

शंकेखोर
ठोंब्या पहिल्यांदाच कामाचं बोलला 😄 खरंच, वीण आणि शिवण यांची वेळ वेगळी असू शकते. झीज कुठे आहे ते पाहिलं तर कळेल, माणूस रोज एकाच जागी झोपला तर मधला भाग घासलेला दिसणार.

चौकस नगरकर
पाहणार कसं? ते अवशेष फॅलनच्या पायूट-शोशोनी या तिथल्या आदिवासी लोकांना २०१६ साली परत दिले आणि २०१८ मध्ये पुन्हा पुरले. संपला विषय. विज्ञानाचं नुकसान.

देवबागची
नुकसान कसलं हो, डीएनए तपासला गेला, नातं अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांशीच निघालं, आणि त्यांनी आपल्या पूर्वजाला माती दिली. तुमच्या आजोबांची तिरडी उसवून बांबूच्या कामट्या मोजायला दिल्या असत्या का? आधी काढलेले फोटो, नोंदी आहेत, झीज शोधायची तर त्यात शोधा.

चौकस नगरकर
आजोबा मध्ये कुठून आले. बरं, आपल्याकडचं काही आहे का कुणाकडे, चटईचं?

रानजाई
चटई कुठली टिकायला आपल्या पावसात. नेवासा आणि चांदोलीला ताम्रपाषाण काळातल्या (तांबं आणि दगड दोन्हीची हत्यारं होती तेव्हाच्या) लहान मुलांच्या दफनात तांब्याच्या मण्यांच्या माळा मिळाल्या, त्यातला दोरा तेवढा राहिला, कारण तांब्याच्या गंजाने तो कुजू दिला नाही. मुलाच्या खाली काही अंथरलं होतं की नाही कोण सांगणार. म्हणून तर कोरड्या गुहांवर भांडावं लागतं. पण अर्धा पीळ की पूर्ण पीळ याचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस.

चौकस नगरकर
रंगाचं मान्य करतो, तो निर्णय आहे. कुणासाठी, ते नाही मान्य.