हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक नव्हे

"मॅन्कोझेब या बुरशीनाशकाच्या पुड्यावर हिरवा त्रिकोण असतो, म्हणजे ते निर्धोक," असं कुणी म्हटलं तर ते मला पटत नाही. बटाट्याच्या करप्यावर ते कामाचं आहे, यात वाद नाही. फक्त रोग पानात शिरायच्या आधी मारलं पाहिजे, कारण ते पानाच्या वरच राहतं. पण त्रिकोणाचा रंग एकाच वेळी पोटात गेलं किंवा कातडीला लागलं तर किती विषारी, एवढंच सांगतो. वर्षानुवर्षं पंप पाठीवर घेणाऱ्याचं काय होतं, ते त्यात नाही. मॅन्कोझेबपासून इथिलीन थायोयुरिया नावाचं रसायन तयार होतं, भाजीवर अंश उरला तर शिजवतानासुद्धा. ते थायरॉईडच्या कामात अडथळा आणतं. युरोपीय संघाने २०२० मध्ये मॅन्कोझेबच्या मंजुरीचं नूतनीकरण नाकारलं.

आमचा बेळगाव तालुक्यात पावसाळी बटाटा असतो. वैनी बादलीत पावडर उघड्या हातानेच कालवायच्या. दोन हंगामांत मनगटापर्यंत खाज आणि पुरळ. हातमोजे आणि काठी आल्यावर थांबलं. इथे मिळणाऱ्या पुड्यांवरच्या सूचना कन्नड, हिंदी, इंग्रजीत. घरातल्या मोठ्यांना फक्त मराठी वाचता येतं. आता मी त्या वाचून दाखवते, आणि शेवटची फवारणी ते काढणी किती दिवस सोडायचे, ते गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवते.