इंग्लिशचे अवघड शब्द पाठ होतात पण टिकत नाहीत

नमस्कार मंडळी, मी अमळनेरचा, एसएससी सीजीएलची (केंद्र सरकारच्या नोकऱ्यांची परीक्षा) तयारी चालू आहे, शिक्षण सगळं मराठी मिडीयम. सिनोनिम-अँटोनिममध्येच (समानार्थी-विरुद्धार्थी शब्द) मार्क जातात. वहीत ए टू झेड क्रमाने शब्द आणि समोर मराठी अर्थ लिहितो, रात्री पाठ असतात, आठवड्याने बघितलं तर निम्मे गायब. त्यात फ्रूगल आणि स्टिंजी दोघांसमोर कंजूषच लिहिलंय, ऑप्शनमध्ये दोन्ही आले की गाडी अडते. काय करू?

भुसावळकर: भाऊ, आधी तो ए टू झेड क्रम सोड, सारखे दिसणारे शब्द शेजारी येतात आणि गोंधळ वाढतो. मूळ धर. लॅटिनमध्ये बेने म्हणजे चांगलं, मॅले म्हणजे वाईट, डिक्ट म्हणजे बोलणं. मग बेनिडिक्शन आशीर्वाद आणि मॅलिडिक्शन शाप, वेगळं पाठ करावंच लागत नाही, आपलं सुजन-दुर्जन आहे तसंच. बेनेव्होलंट (भलं चिंतणारा), मॅलेव्होलंट (वाईट चिंतणारा) पण त्याच घरातले. फक्त आंधळेपणाने लावू नको, मेल म्हणजे पुरुष याचा त्या मॅलेशी काही संबंध नाही.

धुळ्याची ताई: दादा, एका शब्दाचा अर्थ लिहून थांबू नको, घरातलंच वाक्य कर. माझी आजी कांद्याची पातसुद्धा वाया जाऊ देत नाही पण दारी आलेल्याला कळण्याची भाकरी आणि भरीत खाऊ घातल्याशिवाय सोडत नाही, ती फ्रूगल. स्टिंजी माणूस पाहुणा दिसला की भरीत झाकून ठेवेल. फ्रूगल हे कौतुक आहे, स्टिंजी ही निंदा, पेपरवाले नेमकं इथंच पकडतात.

चोपडा०७: वरचं दोन्ही बरोबर, पण उजळणीशिवाय काही टिकत नाही भो. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्येच दाखवून दिलंय की पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर विसरतं. जुन्या लग्नपत्रिका काप, कोऱ्या बाजूला शब्द, मागे अर्थ आणि वाक्य. तीन डबे कर, आला तो शब्द पुढच्या डब्यात, चुकला तो परत पहिल्यात. पहिला डबा रोज, दुसरा दोन-तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. अर्थ आठवायचा जोर लावल्याशिवाय चिठ्ठी उलटायची नाही, नुसती वही वाचून ओळख वाटते, आठवत नाही. मोबाईलवर करायचं तर अँकी ॲप हेच काम करतं.

प्रश्नकर्ता: धन्यवाद सगळ्यांना, पत्रिका घरात ढीगभर आहेत, आजच बसतो. उच्चार कुठे बघू?

धुळ्याची ताई: केंब्रिजची ऑनलाइन डिक्शनरी फुकट आहे, स्पीकरचं चिन्ह दाबून ऐक आणि मोठ्याने म्हण. सटल (subtle) मधला बी बोलत नाहीत, हे नुसतं स्पेलिंग वाचून कळणार नाही.