गहू बंद, सॅलड चालू: तुमचे अनुभव लिहा

सध्या_फक्त_आई
पोरीला सिलिअ‍ॅक (गहू-जवातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन आतड्याला सोसत नाही तो आजार) निघून सहा महिने झाले. गहू, रवा, मैदा, दलिया, शेवया सगळं बंद आणि तिला हवं हॉटेलातलं ते इटालियन सॅलड. मला वाटलं पालापाचोळ्यात कुठून येतंय ग्लुटेन, पण वरचे कुरकुरीत ब्रेडचे तुकडे विसरलेच होते ना मी. आता घरीच करते, बरणीत 3 चमचे ऑलिव्ह ऑइल, 1 चमचा लिंबाचा रस, अर्धी ठेचलेली लसूण पाकळी, चिमूटभर वाटलेली मोहरी, ओरेगॅनो, मीठ, मिरपूड, झाकण लावून जोरात हलवायचं, मोहरीमुळे तेल आणि रस लगेच वेगळे होत नाहीत. खाली काकडी, टमाटर, कांदा, काबुली चणे, काळे ऑलिव्ह. तुम्ही कसं करता, कुठे फसलात?

खामल्याची_सुगरण
ब्रेडऐवजी शिळी ज्वारीची भाकरी, तुकडे करून तेलावर कडक करायची. पण आम्ही फसलो चक्कीवर. यजमान ज्वारी घेऊन गेले, चक्कीवाल्यानं गव्हाच्या मागोमागच दळून दिली, पोरगा दोन दिवस पोट धरून. तेव्हापासून ज्वारी घरी मिक्सरवर. पीठ जाडंभरडं निघतं, भाकरी थापताना चिरते, पण तुकडेच तर करायचे आहेत! आणि तवा वेगळा ठेवा, चिरायचा पाटसुद्धा.

बर्डीवाला
घाईत व्हिनेगरची बाटली उचलली, घरी येऊन लेबल वाचलं तर माल्ट, म्हणजे जवाचं. शेजाऱ्याला देऊन टाकली. सफरचंदाचं चालतं.

जवसाची_चटणी
जवावरून आठवलं, आमच्या सासूबाईंनी जव आणि जवस एकच समजून महिनाभर जवसाची चटणी बंद केली होती. विदर्भातल्या घरात जवस बंद म्हणजे काय हाल ते समजून घ्या. शेवटी डायटिशियन बाईंनीच सांगितलं की जवसात ग्लुटेन नसतं. आता भाजलेला जवस सॅलडवरच भुरभुरवते, आणि ऑलिव्ह ऑइल संपलं की सरळ फल्लीचं तेल, इटलीवाले काय बघायला येऊन राहिले.

मूळचा_पुण्याचा
तसंही इटलीत तेल, व्हिनेगर, मीठ साधंच घालतात. बाटलीतलं 'इटालियन ड्रेसिंग' हे अमेरिकेतलं प्रकरण आहे.

जवसाची_चटणी
बरं झालं सांगितलं, फल्ली तेलाचं पाप जरा हलकं झालं.

एकदा_फसलेली
सॅलडचं नाही, पण लिहिते. ज्यांना अजून नुसतीच शंका आहे त्यांनी रक्ततपासणीआधी गहू सोडू नका, रिपोर्ट उगाच निगेटिव्ह येऊ शकतो. मी शहाणपणा करून आधीच सोडला, मग डॉक्टरांनी पुन्हा काही आठवडे पोळ्या खायला लावल्या आणि परत टेस्ट. ते आठवडे नको रे बाबा.

मे_महिन्याचा_मारा
लेट्यूस गोकुळपेठ मार्केटातून घरी येईस्तोवर त्याची भाजी होते. बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर पत्ताकोबी बारीक चिरा, तीच बरी. ऑलिव्ह ऑइलचं ड्रेसिंग फ्रिजमधे गोठतं, अर्धा तास आधी बाहेर काढा. मे मधे पाच मिनिटं पुरतात.

सध्या_फक्त_आई
काल माझी आई आली होती, तिनं नातीसाठी प्रेमानं सॅलडवर हिंगाची फोडणी घातली. डबी बघितली तर हिंगात मैदा. पोरीसाठी दुसरं केलं आणि ते अख्खं वाडगं मीच संपवलं. खोटं कायले बोलू, मस्त लागत होतं.