व्हॉट्सॲपवर रागावलेले ग्राहक परत का आले?

प्रश्न : कोरेगावकर
जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नवे गोपनीयता धोरण आणले आणि ते ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करण्याची अट घातली, तेव्हा आमच्या सोसायटीतील अनेकांनी तावातावाने सिग्नल किंवा टेलिग्राम घेतले. काही महिन्यांतच सर्व मंडळी जुन्या गटात परतली. ग्राहकाचा हा राग इतका अल्पजीवी का ठरतो?

उत्तर : माधुरी_न
राग टिकला नाही, याचे एक कारण तो चुकीच्या गोष्टीवर होता हे असावे. खाजगी संदेश कंपनीला वाचता येत नव्हते आणि नव्या धोरणानेही ते बदलणार नव्हते. खरा प्रश्न व्यावसायिक खात्यांशी होणाऱ्या संवादाचा आणि फेसबुककडे जाणाऱ्या इतर माहितीचा होता. कंपनीने वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन पहिली भीती दूर केली आणि दुसरा प्रश्न आपोआप मागे पडला. शिवाय शाळेचा गट, दूधवाला आणि गावाकडचे नातेवाईक तिथेच असताना एकट्याने बाहेर पडून कोणाशी बोलायचे?

उत्तर : अण्णा देशस्थ
तो राग अगदीच वाया गेला, असे मात्र म्हणता येणार नाही. मुदत १५ मेपर्यंत पुढे गेली आणि त्याआधीच, मार्चमध्ये, भारतीय स्पर्धा आयोगाने स्वतःहून चौकशी सुरू केली. तिचा निकाल यायला नोव्हेंबर २०२४ उजाडला: ‘मान्य करा, नाहीतर सेवा सोडा’ ही भूमिका म्हणजे बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर ठरवून आयोगाने मेटाला (व्हॉट्सॲपची मालक, म्हणजे पूर्वीची फेसबुक कंपनी) २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला आणि जाहिरातींसाठी व्हॉट्सॲपवरची माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना पुरवण्यावर पाच वर्षांची बंदी घातली. अपील न्यायाधिकरणाने २०२५ मध्ये ती बंदी काढली, दंड मात्र कायम ठेवला.

उत्तर : बिलावर_नंबर_नको
दंड झाला, पण ग्राहकाच्या हाती काय आले? २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद असली, तरी ती रक्कम सरकारी तिजोरीत जाते. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देण्याची सोय या कायद्यात नाही. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केल्यास ग्राहकालाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. अशा वेळी बहुतेक लोक तक्रारीच्या वाटेला न जाता मुकाट्याने चुकीची जन्मतारीख लिहितात किंवा जास्तीचे सिम बाळगतात, आणि मला त्यात गैर वाटत नाही. दुकानदाराने मोबाइल नंबरासाठी बिल अडवल्यास ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते, असे ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. निदान तिथे तरी नंबर देण्यास सरळ नकार द्यावा.