ट्रेडमिल जमत नाही, एलबीबीबी आहे आणि दमाही: औषध देऊन स्ट्रेस टेस्ट करायची तर कोणती?

नाडीपरीक्षा (प्रश्न)

पेशंट ६८ वर्षांचे, वजन ७२ किलो. जिना चढताना छातीत दडपण येतं, थांबलं की दोन मिनिटांत जातं. दोन्ही गुडघे कामातून गेलेत, त्यामुळे ट्रेडमिल बाद. ईसीजीत एलबीबीबी (हृदयाच्या डाव्या बाजूला विजेचा संदेश नेणाऱ्या वाटेत अडथळा). दमा आहे, पण रोजच्या इनहेलरवर आटोक्यात. मेटोप्रोलॉल (ठोके कमी करणारं बीटा ब्लॉकर) चालू आहे. एलबीबीबी असेल तर डोब्युटामिन (ठोके वाढवणारं औषध) नको म्हणतात, दमा असेल तर अॅडेनोसिन (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) नको म्हणतात. मग उरलं काय? आणि आधी नेमकं काय काय बंद करायचं?

गामाकॅमेरा

हे दोन 'नको' एका तागडीत तोलू नका. एलबीबीबीचा 'नको' रिपोर्ट चुकेल म्हणून आहे, दम्याचा 'नको' पेशंटचा श्वास अडकेल म्हणून. आणि दम्याचं उत्तर फाइलमध्ये नसतं, टेस्टच्या दिवशी स्टेथोस्कोप लावून मिळतं.

एलबीबीबीत ठोके वाढले की दोन वेंट्रिकल्समधल्या (हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधल्या) पडद्याला मिळणारं रक्त कमी पडतं आणि धमनी साफ असूनही स्कॅनमध्ये तिथे डाग दिसतो. ठोके व्यायामाने वाढले काय किंवा डोब्युटामिनने वाढले काय, फसगत तीच. म्हणून एलबीबीबी किंवा पेसमेकरच्या ठोक्यांवर चालणाऱ्या हृदयात न्यूक्लिअर स्कॅन (शिरेतून किरणोत्सारी ट्रेसर देऊन रक्तप्रवाहाचं चित्र) करायचा तर रक्तवाहिन्या सैल करणारं औषध बरं. निरोगी धमनीतला प्रवाह त्याने तीन-चार पट वाढतो. अरुंद धमनीच्या पुढच्या बारीक वाहिन्या मात्र भरपाई म्हणून आधीच सैलावलेल्या असतात, तिथे वाढायला जागाच नसते. स्कॅनमध्ये दिसतो तो हा फरक.

तुमच्या पेशंटला घरघर नसेल तर मी याच गटातलं रेगाडेनोसन निवडेन. ते मुख्यतः ए-टू-ए रिसेप्टरवर (वाहिन्या सैल करणाऱ्या, पेशीवरच्या 'कुलपावर') काम करतं. अॅडेनोसिन आणि डायपिरिडॅमोल इतरही रिसेप्टर चाळवतात, श्वासनलिका आवळण्याचा धोका तिथून येतो. रेगाडेनोसनमध्ये हा धोका कमी, पण शून्य नाही. श्वासनलिका मोकळी करणारं साल्ब्युटामॉल हाताशी ठेवा, आणि घरघर ऐकू आली तर त्या दिवशी देऊच नका.

डोस वजनावर नाही: ०.४ मि.ग्रॅ. म्हणजे ५ मि.लि., साधारण १० सेकंदांत. लगेच ५ मि.लि. सलाइन, आणि १० ते २० सेकंदांनी ट्रेसर. अॅडेनोसिन वापरायची वेळ आली तर १४० मायक्रोग्रॅम प्रतिकिलो प्रतिमिनिट, सहा मिनिटं. ७२ किलोला मिनिटाला १०.०८ मि.ग्रॅ., एकूण सुमारे ६० मि.ग्रॅ. ट्रेसर तिसऱ्या मिनिटाला. इथे एक चूक हमखास होते: एकाच लाइनमधून ट्रेसर जोरात ढकलला की नळीतलं अॅडेनोसिन एका झटक्यात आत जातं आणि काही सेकंदांचा हार्ट ब्लॉक (वरच्या कप्प्यांचा संदेश खाली न पोचणं) दिसतो. दुसरी कॅन्युला (शिरेतली सुई-नळी) घाला, नाहीतर शिरेच्या अगदी जवळ वाय-कनेक्टर लावा.

पेसमेकर नसताना दुसऱ्या-तिसऱ्या डिग्रीचा एव्ही ब्लॉक (असाच हार्ट ब्लॉक, पण आधीपासूनचा), वरचं बीपी ९० च्या खाली, किंवा आराम करतानाही छातीत दुखतंय, असं काही असेल तर यातलं एकही औषध नको.

इकोवाला

घरघर निघालीच तर डोब्युटामिन इको (ते औषध देऊन हृदयाची सोनोग्राफी) करता येतो. एलबीबीबीत पडदा तसाही वेडावाकडा हलतो, तेव्हा हालचालीकडे बघू नका, स्नायू आकुंचनात जाड होतोय का ते बघा. डोळा तयार नसेल तर हा रिपोर्ट देऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

२५० मि.ग्रॅ. डोब्युटामिन ५० मि.लि. करा, म्हणजे १ मि.लि.त ५ मि.ग्रॅ. ७२ किलोसाठी सिरिंज पंपावर ५ मायक्रोग्रॅमला (प्रतिकिलो प्रतिमिनिट) ताशी ४.३ मि.लि., १० ला ८.६, २० ला १७.३, ३० ला २५.९, ४० ला ३४.६. प्रत्येक टप्पा तीन मिनिटांचा. लक्ष्य (२२० − ६८) चे ८५ टक्के, म्हणजे १२९ ठोके. तिथवर पोचत नसेल तर ठोके वाढवायला अॅट्रोपिन ०.२५ ते ०.५ मि.ग्रॅ. थोड्या थोड्या वेळाने, एकूण २ मि.ग्रॅ. च्या पुढे नाही. काचबिंदू, प्रोस्टेट आणि मायस्थेनिया (स्नायू दुबळे करणारा आजार) विचारल्याशिवाय अॅट्रोपिनला हात लावू नका.

बीपी उतरलं म्हणजे हृदयाच्या तिन्ही धमन्या गेल्या, हा ट्रेडमिलवरचा हिशेब इथे चालत नाही. डोब्युटामिन स्वतः वाहिन्या सैल करतं, शिवाय छोट्या, जोरात आकुंचणाऱ्या वेंट्रिकलमध्ये रक्त बाहेर जाण्याच्या वाटेवरच अडथळा तयार होतो. डॉपलर (इकोतच रक्ताचा वेग मोजणारी सोय) लावून बघा. थांबायचं कधी? एखाद्या भागाची भिंत नव्याने अडखळली, व्हीटी (वेंट्रिकलची धोकादायक वेगवान लय) आली, बीपी २२०/१२० च्या वर गेलं, किंवा लक्षणांसह घसरलं, तर. पंप बंद केल्यावर औषधाचं अर्धायुष्य दोनच मिनिटांचं. तरी ठोके उतरत नसतील तर शिरेतून मेटोप्रोलॉल किंवा एस्मोलॉल देतात, पण ज्या दम्यामुळे तुम्ही डोब्युटामिनकडे वळलात त्याच दम्यात बीटा ब्लॉकर जपून.

लगतचे दोन किंवा जास्त सेगमेंट (भिंतीचे भाग) नीट दिसत नसतील तर आधीच कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक करणारं इंजेक्शन) लावा. टेस्ट संपल्यावर 'खिडकी बरी नव्हती' लिहिण्यात अर्थ नाही.

नाडीपरीक्षा

धन्यवाद. म्हणजे आधी छाती ऐकायची, मग औषध ठरवायचं. पण मेटोप्रोलॉल आणि चहाचं काय? पेशंट सकाळी अर्धा कप घेऊन आला तर?

गामाकॅमेरा

तर रेगाडेनोसनची टेस्ट पुढे ढकला. कॅफिन नेमक्या त्याच रिसेप्टरवर बसून औषधाला वाट देत नाही. वाहिन्या सैलावल्याच नाहीत तर स्कॅन सुंदर नॉर्मल येतो आणि कोणाला शंकाही येत नाही. किमान १२ तास, जमल्यास २४ तास बंद: चहा, कॉफी, कोला, चॉकलेट, कॅफिनवाल्या डोकेदुखीच्या गोळ्या. 'डीकॅफ' मध्येही थोडं कॅफिन असतंच. 'चहा घेतलात का?' एवढंच विचारलं तर 'नाही' ऐकाल आणि कोल्ड्रिंक निसटेल. यादी वाचून दाखवा.

थिओफायलिन दम्याच्या पेशंटकडे हटकून सापडतं आणि त्याचाही अडथळा कॅफिनसारखाच. पण ते बंद केल्यावर दमा उसळणार नाही ना, हे छातीच्या डॉक्टरांना विचारून. डायपिरिडॅमोलच्या गोळ्या उलट अॅडेनोसिनचा परिणाम वाढवतात, त्या ४८ तास आधी थांबवायच्या. रोजचं इनहेलर मात्र चालू राहू द्या.

इकोवाला

मेटोप्रोलॉल: डोब्युटामिनसाठी २४ ते ४८ तास आधी थांबवतात, पण औषध देणाऱ्या डॉक्टरांच्या संमतीनेच. एकदम तोडलं तर छातीतलं दडपण बळावू शकतं. रेगाडेनोसनमध्ये ठोक्यांचं लक्ष्यच नसतं, तिथे ते थांबवण्याचा आग्रह कमी.

थॅलियमकाका

दोन भर. पहिली, अॅमिनोफायलिन (या सैल करणाऱ्या औषधांचा उतारा) ट्रॉलीवर नाही, सिरिंजमध्ये भरून हवं. ५० ते १०० मि.ग्रॅ. शिरेतून हळूहळू, गरजेप्रमाणे पुन्हा, एकूण २५० पर्यंत. पण रेगाडेनोसननंतर आकडी (फिट) आली तर हा उतारा देऊ नका, आकडी लांबू शकते.

दुसरी, स्कॅन तुलनेवर चालतो. तिन्ही धमन्या सारख्याच अरुंद असतील तर चित्र सगळीकडे सारखंच फिकट, म्हणजे वरवर 'नॉर्मल'. स्ट्रेसनंतर वेंट्रिकल फुगलेलं दिसतंय का, पंपिंग आधीपेक्षा घसरलंय का, हे त्या रिपोर्टमध्ये शोधा. पुरुषांत खालच्या भिंतीवरचा फिकट डाग पुष्कळदा डायफ्रामची सावली असतो. पालथं झोपवून पुन्हा चित्र काढलं की बहुतेक वेळा नाहीसा होतो.