प्रति: आशाताई गप्प का बसतात?

घरात पोरांवर अत्याचार होतात तेव्हा ‘आशाताईला (गावातल्या आरोग्य कार्यकर्तीला) सगळं कळतं, तरी ती गप्प बसते’ असं वर कुणी लिहिलंय. कळतंच हो, पण उद्या पोलिओच्या डोससाठी तिला त्याच घरात जायचंय! मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होईल अशी नुसती शंका आली तरी पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक. मुलाची वैद्यकीय तपासणी गुन्हा नोंदण्याआधीही करता येते. मारहाण मात्र पॉक्सोत येत नाही, ती बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ मध्ये, आणि ते फारसं कुणाला ठाऊकच नसतं. मग पाठीवर पट्ट्याचे वळ असलेल्या पोराच्या केसपेपरवर ‘पडून जखम’ एवढंच लिहून डॉक्टर मोकळे. निदान वळाची जागा, लांबी, रंग तरी लिहा! १०९८ चा, म्हणजे मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा, फोन वैद्यकीय अधिकाऱ्याने करावा, आशाताईच्या गळ्यात कशाला?